वाफ जाते, पाणी जात नाही

"तुम्ही बाहीर येऊ नोका. नातवासाठी हाय म्हणून सांगते मी तिले."

"नातू? आपल्याले कुठी हाय नातू?"

"अहो, तिले काय समजते? हिंदीवाली पोरगी हाय."

पुरुषाचा जाड, बसलेला आवाज आला, "किती वर्साचा सांगशीन?"

"पाच."

"पाच लहान होते. थोडा मोठा कर त्याले."

जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. हातात पाण्याचा ग्लास होता आणि पडद्यामागचं सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं. समजतही होतं. आमच्या दुकानातल्या तक्रारीच्या चिठ्ठीवर या घरचं नाव इंग्रजीत होतं आणि दुकानात सगळे ते 'टायडे' असं वाचत होते. दारावरच्या पाटीवर मात्र देवनागरीत ठळक 'तायडे' होतं. आत शिरताना बुद्धाची छोटी मूर्ती दिसली, आणि स्वयंपाकघरातून येणारा ठेच्याचा खाट माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला वाटला. माझ्या कुर्त्यावरच्या बिल्ल्यावर फक्त 'अपर्णा' होतं, आडनाव नव्हतं. अपर्णा कुठलीही असू शकते.

त्याच क्षणी "काकू, मीसुद्धा मराठी" असं मी म्हणायला हवं होतं, असं आई म्हणते. पण ती वाक्यं कानावर पडून गेल्यावर कसं म्हणणार? मी तोंड उघडलं असतं तर तो नातू तिथल्या तिथे नाहीसा झाला असता. म्हणून मी पाणी पीत राहिले.

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले अनुभव' लिहून मागितले तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे बँकेतले, विम्यातले, रेल्वेतले लोक. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मी सी-स्कीम भागातल्या एका गाद्यांच्या दुकानात काम केलं, आणि माझं काम गादीवर घालायच्या एका चादरीशी होतं. (शुद्धलेखन आईने तपासलं आहे. मी शाळेत मराठी शिकले नाही, हिंदीवरून वाचायला लागले.)

दुकानाचे मालक गोयलजी. त्यांनी मला घेतलं ते इंग्रजीसाठी. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर त्या चादरी नव्याने बाजारात आल्या होत्या आणि त्यांच्या पाकिटावरच्या सूचना सगळ्या इंग्रजीत असत. "बेटा, कंपनी की अंग्रेज़ी तुम पढ़ो, और कस्टमर को समझाओ," असं ते म्हणाले. मला वाटलं टेबलाशी बसून वाचायचं काम आहे. मी शाळेतही हजेरीला 'प्रेझेंट' इतक्या हळू म्हणायचे की बाई दोनदा विचारायच्या. प्रत्यक्षात निघालं असं की तक्रार आली की दुकानाचे ड्रायव्हर रामअवतारजी यांच्या टेम्पोत बसून लोकांच्या घरी जायचं, आणि थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरून गादीविषयी बोलायचं.

त्या चादरीचं नाव वॉटरप्रूफ मॅट्रेस प्रोटेक्टर. आपल्या लहानपणी बाळाखाली मेणकापड घालायचे, तो तिचा जुना नातेवाईक. मेणकापड पाणी अडवतं, पण घामही अडवतं, अंगाला चिकटतं, कुशीवर वळलं की वाजतं. ही चादर वरून साध्या टॉवेलसारखी. तिच्या खालच्या अंगाला एक पापुद्रा चिकटवलेला असतो, कांद्याच्या आतल्या सालीसारखा पातळ. सगळी करामत त्या पापुद्र्याची.

गोयलजींनी मला ती पहिल्यांदा दाखवली ती अशी. स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी घेतलं. पेल्यावर त्या चादरीचा तुकडा ताणून बांधला. वर छोटा आरसा धरला. आरसा धुरकट झाला. म्हणजे वाफ कापडातून वर येत होती. मग त्यांनी पेला उलटा केला. एक थेंब पडला नाही. मी खाली हात धरून उभी होते, हात कोरडाच राहिला. पापुद्र्यात इतक्या बारीक वाटा असतात की वाफेचा कण त्यातून निघून जातो आणि पाण्याचा थेंब अडतो, असं त्यांनी सांगितलं. माणसाचा घाम वाफ होऊन निघून जातो, म्हणून झोपणाऱ्याला गुदमरत नाही. ओलं मात्र गादीपर्यंत पोचत नाही. पुढे मी तो प्रयोग गिऱ्हाइकांना कितीतरी वेळा करून दाखवला. दर वेळी हात कोरडा. हे कुणीतरी डोकं लावून शोधून काढलं आणि ते माणसाच्या सगळ्यांत लाजिरवाण्या गोष्टीसाठी वापरलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्या गोष्टीचं नाव मात्र दुकानात घ्यायचं नाही. ही गोयलजींची पहिली शिकवण. "वो शब्द नहीं बोलना. 'लिक्विड' बोलो. चाय, जूस, लिक्विड." मलाही ते सोयीचं होतं. इंग्रजीतला शब्द तपासणीच्या रिपोर्टासारखा वाटे, हिंदीतला मोठ्याने म्हणवत नसे, आणि मराठीत मला त्यासाठी एकच शब्द येत होता. लहानपणी आई म्हणायची तो, 'शू'. माझं मराठी घरातलं, म्हणजे घरात जेवढं लागतं तेवढंच वाढलेलं. त्या विषयावर मोठ्या माणसांशी बोलायची वेळ आली नाही, म्हणून तो शब्दही मोठा झाला नाही.

तक्रार सगळ्यांची एकच असायची, "टपकने लगा." कारणं मात्र प्रत्येक घराची वेगळी. एका बंगल्यात बाईसाहेब माझ्यावर भडकल्या होत्या, आणि त्याच वेळी मागच्या अंगणातून धप्प धप्प आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर धुणारी बाई लाकडी मोगरीने चादर बडवत होती. पापुद्रा बडवलेला सहन करत नाही, पिळलेलाही नाही. कोमट नाहीतर गार पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून पाणी काढायचं. ब्लीच नको, मऊपणासाठी घालतात तो द्रवही नको, त्याने वाटा बुजतात. डाग पडला तर आधी कोरड्या फडक्याने टिपायचा, मग गार पाणी. वास राहिला तर खाण्याचा सोडा भुरभुरून थोडा वेळ ठेवायचा. घडी करून वर सामान रचायचं नाही, गुंडाळी करायची. हे सगळं मी हिंदीत पाठ केलं होतं आणि न अडखळता म्हणत असे, कारण पाठ केलेलं म्हणायला धीर लागत नाही.

जुन्या हवेलीचं गेस्टहाऊस केलेलं होतं तिथली गोष्ट वेगळी. जयपुरात अंथरुणाला 'धूप दिखाना', ऊन देणं, म्हणजे जवळजवळ धर्मकार्य. थंडीआधी घराघराच्या छतांवर रजया पसरतात. त्यांच्या मॅनेजरने त्याच श्रद्धेने भर जूनमध्ये सगळ्या चादरी छतावर घातल्या, रोज. मी एक उचलली तर ती पापडासारखी कडकड वाजली आणि तिच्या खालच्या अंगाचा चुरा माझ्या बोटांवर आला. "धूप से तो चीज़ शुद्ध होती है, मैडम!" ते बिचारे पुन्हा पुन्हा म्हणत होते. रजईला ऊन लागतं, हिला सावली लागते, हे त्यांना पटवताना मला फार वाईट वाटलं.

आणि एकदा फोनवर एक मुलगी. सीतापुऱ्याजवळच्या कॉलेजच्या हॉस्टेलमधून बोलत होती, कुजबुजत, इंग्रजीत. इंग्रजीत बोलणं तिला सोपं जात असणार, मी ते ओळखू शकत होते. खोलीत आणखी मुली असतात, चादर आवाज करते का, धुतलेली कुणाला ओळखू येते का. मी तिला सांगितलं, आवाज होत नाही, गार पाणी, सौम्य साबण, इस्त्री नको, फोन केल्याबद्दल धन्यवाद. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. काय ते मला समजलं होतं, पण म्हणता आलं नाही.

या नोकरीने मला जे दाखवलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बंगला असो, सरकारी क्वार्टर असो, कुठल्या ना कुठल्या खोलीत एक ओलं अंथरूण असतंच, आणि घरातलं कुणीतरी पहाटे उठून ते गुपचूप कोरडं करत असतं. एवढं मोठं शहर, आणि सगळ्यांना वाटतं की हे फक्त आपल्याच घरी.

तर तायड्यांचं घर. काकू पडदा सारून बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, हातात गुंडाळी केलेली चादर.

"पोते के लिए है," त्या म्हणाल्या.

"कितने साल का है?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण ते दुकानाचं ठरलेलं वाक्य होतं.

काकूंनी पडद्याकडे एकदा पाहिलं. "सात."

पडद्यामागे कुणीतरी जोरात खोकलं. सात वर्षांच्या मुलाचा तो खोकला नव्हता. आम्ही दोघींनी तो ऐकला नाही असं केलं.

मी चादर उघडून खिडकीकडे धरली. तक्रारीत पहिली तपासणी हीच, उजेडासमोर धरायची. भोकं असली तर दिसतात. त्या चादरीवर भोकं एका आकारात होती, पुढे टोकदार आणि मागे रुंद. कडेला पापुद्रा वितळून फोड आलेले. इस्त्री.

"आंटीजी, प्रेस किया था?"

"नहीं तो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "सुखाना पड़ता है ना जल्दी. रात को फिर चाहिए होता है."

"छत पे, छाया में डाल दीजिए. प्रेस से ये जल जाती है."

"छत पे कैसे डालूँ? सब रेलवे के ही लोग हैं इधर. पूछेंगे, किसका है. सबको मालूम है हमारे यहाँ बच्चा..." त्या थांबल्या. "बच्चा बड़ा हो गया है," असं वाक्य त्यांनी पुरं केलं.

मला सगळं दिसलं. दार लावून, आतल्या खोलीत, ओल्या चादरीवरून इस्त्री फिरवणाऱ्या काकू. कुणी पाहू नये म्हणून वाळवलेली, आणि त्यामुळेच फुटलेली.

पडद्याच्या फटीतून आतली खोली थोडी दिसत होती. गादी भिंतीला उभी करून ठेवली होती. तिच्यावर मोठा पिवळट डाग. खाली फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर नीट घडी घातलेलं करडं घोंगडं.

"अब वो पलंग पे सोता ही नहीं," काकू म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खराच नातवाविषयी बोलावा तसा झाला होता. "गद्दा खराब हुआ तब से नीचे सोता है. इतनी ठंड में. डॉक्टर बोले, छाती में कफ है, फर्श पे सोया तो दवाखाने में डालना पड़ेगा. मैं समझाती हूँ, ऑपरेशन के बाद होता है ऐसा, थोड़े दिन चलेगा. सुनता नहीं. बोलता है, पूरी नौकरी में कभी..."

परत थांबल्या.

"स्कूल में," त्या म्हणाल्या. "पूरे स्कूल में कभी ऐसा नहीं हुआ."

"जिद्दी है," मी म्हटलं.

"बहोत," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

इस्त्रीने जळालेली चादर कंपनी बदलून देत नाही, पण गोयलजींना मी सांगितलं तेव्हा त्यांनी दुकानात प्रयोगासाठी ठेवलेली एक अख्खी चादर काढून दिली आणि विषय संपवला. ती घेऊन मी परत गेले. पेला आणि आरसाही नेला. का नेला, मला तेव्हा सांगता आलं नसतं. सांगायला शब्द नसले की मी वस्तू बरोबर नेते.

काकूंनी उकळतं पाणी आणून दिलं. मी पेल्यावर कापड ताणून बांधलं, आरसा धरला. आरसा धुरकटला तशा काकू पुढे वाकल्या.

"भाप जाती है?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"भाप जाती है. पानी नहीं जाता."

पडदा सरकला. काका बाहेर आले.

उंच, मफलर गुंडाळलेला, स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली. काकूंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण त्यांचं लक्ष पेल्याकडे होतं. "फिर से दिखाओ," ते म्हणाले. मी आरसा पुसून पुन्हा धरला. मग पेला उलटा केला. खाली त्यांनी स्वतःचा हात धरला होता, मोठा पंजा, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. हात कोरडा राहिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"कोई छेद नहीं?"

"छेद हैं, अंकल. पर इतने बारीक कि भाप निकल जाती है, पानी अटक जाता है."

ते खुर्चीवर बसले. "मैं फायरमैन भर्ती हुआ था, भाप के इंजन पे," ते म्हणाले. "छोटी लाइन, मीटर गेज. अकोला से आए हम. बाद में डीज़ल चलाया. पर भाप की बात अलग." पेल्याकडे बोट करून म्हणाले, "हम सारी उमर भाप को पकड़ते रहे. बॉयलर में सुई जितना छेद हो तो गाड़ी खड़ी. और ये खुद छोड़ देता है उसको. वाह रे."

"चाय बनाती हूँ," काकू म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

"मैडम, लोगों को लगता है इंजन में सब होता है," काका सांगू लागले. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. "पाखाना नहीं होता. पीछे डिब्बों में है, सवारी के लिए. ड्राइवर के लिए नहीं. सिग्नल पे गाड़ी रुकी तो उतर जाओ. नहीं रुकी तो रोको. फुलेरा से निकले, बारिश हो, ठंड हो, पेट में मरोड़ हो, हाथ हैंडल पे और बाकी सब रोक के. पीछे इतने लोग सो रहे हैं, गाड़ी कैसे खड़ी करें? मैंने कभी नहीं की. एक बार भी नहीं." त्यांनी स्वेटरचं वरचं बटण उगाच काढून परत लावलं. "इतना ब्रेक मारा है इस शरीर ने. और अब..."

काकूंनी पदर सावरत त्यांच्याकडे पाहिलं.

"मतलब, पोते को मैं ये सब बताता हूँ," काका म्हणाले.

मी कितीतरी वेळा गाडीने गावी गेले आहे, रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर निवांत झोपून. पुढे अंधारात कुणीतरी असं रोखून धरून उभा असतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या माणसासमोर मी एक पेला आणि आरसा घेऊन बसले होते.

"चलो, बिछा के देखते हैं," असं म्हणत काका स्वतःच उठले. आत जाऊन भिंतीची गादी त्यांनी पलंगावर आडवी केली, डागाची बाजू खाली. काकू मदतीला गेल्या तर त्यांना बाजूला केलं. चादरीची कापडाची बाजू वर आणि पापुद्रा खाली हे मी दाखवलं. इलॅस्टिकचे चारही कोपरे त्यांनी एकेक करून गादीखाली ओढून बसवले, आणि वरून तळहात फिरवला, एखाद्या यंत्राचं काम झाल्यावर फिरवतात तसा. मी काकूंना धुण्याचं सगळं सांगितलं. गार पाणी, पिळायचं नाही, इस्त्री नाही, आणि वाळवायचं छतावरच, जिन्याच्या सावलीत, उघड्यावर. "कोणी विचारलं तर?" असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि मान हलवली.

काका पलंगाच्या कडेवर बसले. पूर्ण बसले नाहीत, बस पकडायची घाई असल्यासारखे टेकले. फरशीवरची सतरंजी अजून पायाशी तशीच होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "मैडम, एक बात बताओ. गद्दे को कुछ नहीं होगा, वो मैं समझ गया. पर बच्चे को तो पता चलेगा ना? रात को फिर से हो गया... तो वो क्या करे?"

काकू दाराशी उभ्या होत्या. दोघंही माझ्याकडे बघत होते. 'लिक्विड' माझ्या जिभेवर आलं होतं. हॉस्टेलमधल्या त्या मुलीने फोन ठेवल्याचा आवाज कानात होता. मी पेला खाली ठेवला.

"काका," मी म्हटलं, "नातवाला सांगा, गादीवरच झोप म्हणावं. शू झाली तर होऊ दे."